बादलीतला धनप्रभार

मार्च उजाडला की आमच्या सोसायटीच्या नळांना महापालिकेचे पाणी कमी आणि बोअरचे जास्त येऊ लागते, आणि त्या दिवसापासून साबण अंग काढून घेतो. फेसाऐवजी एक चिकट, पांढुरकी साय हाताला लागते, ती पाण्याने जात नाही आणि शेवटी पंच्याने निपटावी लागते. शॉवरची निम्मी भोके बुजलेली असतात, आणि उरलेल्यांतून येणारे पाणी मला वगळून, नेम धरल्यासारखे समोरच्या फरशीवर आदळते.

सगळी सोसायटी ‘क्षार आहेत हो’ एवढे म्हणून सुस्कारा सोडते. मी मात्र गुन्हेगाराचा माग काढला. मुख्य आरोपी कॅल्शियम, साथीदार मॅग्नेशियम. कॅल्शियमच्या अणूच्या केंद्रकात 20 प्रोटॉन असतात आणि भोवतीच्या कवचांत 2, 8, 8, 2 असे 20 इलेक्ट्रॉन, त्यामुळे धन आणि ऋण प्रभारांचा जमाखर्च शून्य. पण शेवटच्या कवचातील ते दोन इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर, सैलसर धरलेले असतात, आणि ऑक्सिजनसारखा घेणारा भेटताच कॅल्शियम ते नको असलेल्या आहेराच्या भांड्यांसारखे त्याच्या गळ्यात मारतो. इलेक्ट्रॉन 18 उरतात. प्रोटॉन मात्र 20 चे 20, कारण या व्यवहारात केंद्रकाच्या केसालाही धक्का लागत नाही. दोन धनप्रभार उघडे पडतात आणि अणूचा आयन होतो. तिसरा इलेक्ट्रॉन मागून पाहा, तो देणार नाही. तो आतल्या भरलेल्या कवचातला असतो. या नव्या अवस्थेत स्वारी इतकी रमते, की निसर्गात कॅल्शियम धातूच्या रूपात सापडतच नाही. 1808 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी लंडनमध्ये विजेच्या जोरावर ते इलेक्ट्रॉन त्याला परत घ्यायला लावले, तेव्हा कुठे धातूचे दर्शन झाले.

दख्खनच्या काळ्या कातळातील खनिजांत हेच आयन दबा धरून बसलेले असतात. पावसाचे पाणी हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, कातळात मुरते आणि त्यांना सोडवून थेट आमच्या बोअरमध्ये आणते. साबणाचा ऋण आयन तोवर सोडियमबरोबर सुखाने नांदत असतो. कॅल्शियमचे दोन धनप्रभार दिसताच असे दोन ऋण आयन त्याला जाऊन चिकटतात, आणि पंच्याला लागते ती साय हीच. कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्यात बायकार्बोनेटही विरघळलेले असते; गीझरमध्ये पाणी तापले की ते मोडते आणि कॅल्शियम कार्बोनेट कॉइलवर चढते. मेकॅनिकने ती बाहेर काढली तेव्हा तिच्यावर चुनखडीचे जाड कवच होते. ‘साहेब, तुम्ही पाणी नाही, दगड तापवत होता,’ असे म्हणून त्याने नव्या कॉइलची किंमत सांगितली.

पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा, म्हणजे याच कॅल्शियम-मॅग्नेशियमचे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात मोजलेले प्रमाण, भारतीय मानकानुसार लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावा. आमची कमिटी ‘चालवून घ्यावा’ एवढेच वाचते.

तरीही अखेर पाण्याचा कठीणपणा काढणाऱ्या यंत्राचा, सॉफ्टनरचा, विषय सभेत आला. त्यातील रेझिनचे मणी एक कॅल्शियम आयन धरून ठेवतात आणि दोन सोडियम आयन सोडतात, म्हणजे प्रभाराचा हिशोब चोख राहतो. सोडियम संपले की मणी मिठाच्या दाट पाण्याने धुवायचे. हे मी समजावून सांगेपर्यंत सर्वांनी माना डोलावल्या. मग मिठाच्या पोत्यांचा खर्च फ्लॅटमागे घ्यायचा की माणशी, असा प्रश्न तळमजल्यावरून आला आणि सभा तहकूब झाली.