सट्टा मटक्यातून निघालेला नाही

‘सट्टा’ शब्दाची जन्मकथा म्हणून एक मजकूर कायम कुणी ना कुणी पुढे ढकलत असतं. त्याचा सारांश असा: मुंबईत गिरण्यांच्या काळात मटका सुरू झाला आणि त्यातून हा शब्द आला, मुळात तो पत्त्यांतल्या सत्तीवरून, म्हणजे सातावरून पडला, देशभर त्याचा अर्थ एकच, जुगार, आणि शेअर बाजाराला लोक सट्टाबाजार म्हणतात तेव्हा शब्दच खरं काय ते सांगून जातो. यातली पहिली तीन विधानं साफ चूक आहेत. चौथ्याला अर्धा गुण देईन, पण शब्दाच्या जोरावर नाही.

सत्तीचं आधी उरकून टाकू. सत्तीला हिंदीत ‘सत्ता’ म्हणतात, आणि रोमन लिपीत सत्ता आणि सट्टा सारखेच दिसतात, गोंधळ तिथला आहे. संस्कृत ‘सप्त’चं प्राकृतात ‘सत्त’ झालं, मराठीत सात, सत्ती, सत्तेचाळीस. या घराण्यात ‘त’ सगळीकडे आहे, ‘ट’ कुठेच नाही. देवनागरीत एकदा लिहून पाहिलं असतं तरी हा शोध लागला नसता.

आता मटक्याकडे. मटक्याची गोष्ट थोडक्यात अशी. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होतानाचे भाव तारेनं मुंबईत यायचे आणि त्या भावातल्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ती सोय बंद झाली, तेव्हा कल्याणजी भगत आणि मग रतन खत्री यांनी आकडा इथेच काढायला सुरुवात केली. शून्य ते नऊ आकड्यांच्या चिठ्ठ्या मातीच्या मडक्यात टाकायच्या आणि एक उचलायची, म्हणून मटका. पुढे मडकं गेलं, पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, समजा 3, 5, 6. बेरीज 14, त्यातला शेवटचा 4 हा ‘ओपन’. रात्री तसाच ‘क्लोज’ निघाला 1, की जोडी झाली 41. मडकं नसतानाही नाव मटकाच राहिलं.

पण आकड्यांवरचा जुगार मडक्याच्या कितीतरी आधीचा. 1887 चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा, पुढच्या दुरुस्त्यांसह, वाचून पाहा. जुगाराच्या अड्ड्याच्या व्याख्येत कापूस आणि अफूचा बाजारभाव येतो, त्या भावाच्या संख्येतले सुटे आकडेही येतात, आणि पाऊस पडेल की नाही, किती पडेल यावर लावलेली पैजही येते. (पावसावर पैज ही मुंबईकरांची जुनी खोड. ढगांकडे बघणारा प्रत्येक जण तेव्हा शेतकरी नसायचा.)

शब्द तर त्याहूनही जुना, आणि जन्मतः त्याचा जुगाराशी संबंध नाही. प्राकृतात ‘सट्ट’ म्हणजे अदलाबदल, विनिमय. मराठीत त्याचं ‘साटं’ झालं. एका घरची मुलगी दुसऱ्या घरी द्यायची आणि त्या घरची आपल्याकडे आणायची, ते साटंलोटं. राजकारण्यांचं साटंलोटं ही त्याच शब्दाची पुढची मजल. आणि हा शब्द आजही रोज स्टॅम्प पेपरवर छापला जातो: साठेखत. जुनं रूप साटेखत. गुजरातीत अजूनही साटाखतच म्हणतात. लोकांना साटं परकं आणि साठा ओळखीचा, म्हणून ‘ट’चा ‘ठ’ झाला. जमिनीच्या साठवणीशी त्याचा काही संबंध नाही.

साठेखतात नेमकं काय असतं? किंमत आज ठरते, विसार दिला जातो, उरलेल्या रकमेची मुदत लिहिली जाते. मालकी मात्र त्या दिवशी तसूभरही सरकत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं 54 वं कलम सांगतं की नुसत्या विक्रीच्या करारानं मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. त्यासाठी खरेदीखत लागतं. म्हणजे भाव आज, माल नंतर. हेच कापसाच्या गासड्यांबाबत केलं की झाला वायदा. आता ज्याला गासड्या नकोच आहेत, फक्त ठरलेल्या आणि प्रत्यक्ष भावातला फरक खिशात घालायचा आहे, असा माणूस या करारात शिरला की त्याच कागदाला वेगळा वास यायला लागतो. अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 ते 1865 मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या पैशातून शेअरचे मुदतीचे सौदे झाले, आणि 1 जुलै 1865 ला मुदत भरली तेव्हा शहरातल्या भल्याभल्या पेढ्या बसल्या. कराराचा सट्टा आणि जुगाराचा सट्टा यांच्यातली भिंत अशा व्यवहारांत झिजली, असं माझं मत. मडक्यात नाही.

‘देशभर एकच अर्थ’ हे तर उत्तर प्रदेशातल्या ऊस उत्पादकाला सांगून बघा. त्याचा सट्टा म्हणजे कारखान्याला किती ऊस घालायचा याचा करार. सरकारी कागदावर तो याच नावानं नोंदवलेला असतो आणि वाढवून मिळावा म्हणून तो खेटे घालतो. पूर्वांचलात, म्हणजे त्याच राज्याच्या पूर्व भागात, लग्नासाठी बँड किंवा नौटंकी ठरवली की सट्टा लिहितात. तारीख, रक्कम, आगाऊ किती. पंजाब-सिंधकडे ‘वट्टा-सट्टा’ म्हणजे आपलं साटंलोटंच. आपल्याकडे तरी कुठे एकवाक्यता आहे? मुंबईत, पश्चिम महाराष्ट्रात ज्याला मटका म्हणतात त्याच खेळाच्या बातमीत विदर्भात ‘सट्टापट्टी’ येतं. पट्टी म्हणजे आकडा लिहिलेली चिठ्ठी. तिथे मडक्याला जागाच नाही.

राहिला शेअर बाजार. शब्दाच्या व्युत्पत्तीवरून धंद्याचा निवाडा करायचा तर साठेखत करणारा प्रत्येक जण सट्टेबाज ठरेल. कायदा शब्दाकडे बघत नाही, माल हातात आला का ते बघतो. प्रत्यक्ष ताबा न घेता मिटवलेला सौदा हा आयकराच्या भाषेत सट्टा व्यवहार, त्यामुळे सकाळी घेऊन दुपारी विकलेला शेअर त्यात बसतो. आणि ज्या फ्युचर्स-ऑप्शन्सना, म्हणजे शेअर बाजारातल्या मुदतीच्या सौद्यांना, घरोघरी सट्टा म्हणून नावं ठेवली जातात, ते मान्यताप्राप्त बाजारात, नियमांप्रमाणे केलेले असले तर आयकर त्यांना सट्टा मानत नाही.