पैसे देऊन आणलेलं गळकं

आमच्या आईचं एकच म्हणणं होतं. घर गळायला लागलं की माणसं पैसे घालून कौलं शाकारून घेतात, आणि आमचं हे ध्यान पैसे घालून गळकं घेऊन आलंय. म्हटलं आई, ते गळकं नाही, गाडीचं टप कापडाचं आहे, सॉफ्ट टॉप म्हणतात त्याला. तेच की, म्हणाली, मऊ.

झालं असं की मला रात्री मोबाईलवर जुन्या वळणाच्या उघड्या गाड्या बघायची सवय लागलेली. जपानात १९९१ साली निस्साननं फिगारो नावाची गाडी काढलेली, दिसायला पन्नास-साठच्या काळातली, आतनं नव्या जमान्यातली, आणि काढल्या २०,००० च्या आसपासच, त्यामुळं घेणारे जास्त झाले आणि चिठ्ठ्या टाकून गाड्या वाटायची वेळ आली. आपल्याला ती कुठली मिळणार, पण कोल्हापुरात एक दुसरीच सेकंडहँड सापडली, गोल दिवे, क्रोमची पट्टी, बटण दाबलं की टप घडी होऊन मागं बसतंय. शनिवार-रविवार फिरायला एवढाच विचार. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तिची काही चूक नाही.

विकणारा म्हणाला, दहा वर्षांत टप पाच-सहा वेळाच उघडलंय, जपून वापरलीय. मी ते कौतुक समजून ऐकलं. पुढं बेळगावात, उद्यमबागेतल्या मिस्त्रीमामांना सांगितलं तर ते म्हणाले, दहा वर्षं अंथरुणावर पडलेल्या माणसाला कोण उठवून पळवतंय काय सावकार?

टप उघडं टाकून हायवेला लागलो. कागल गेलं, कोगनोळीला हद्द ओलांडली, तवंदी घाट चढेपर्यंत माझे केस कुंच्यासारखे उभे आणि तोंडावर ट्रकांच्या धुरळ्याचा एक थर, बेळगावात शिरलो तर शेजारच्या काकूंनी आधी ओळखलंच नाही. आणि इथंच खरी गंमत सुरू झाली. १९५६ पासून आमची माणसं महाराष्ट्रात जायची वाट बघालीत आणि मी एक वस्तू पदरचे पैसे घालून महाराष्ट्रातनं कर्नाटकात आणली. त्याची शिक्षा पण वेगळीच. एनओसीला फॉर्म २८, नावावर करायला २९ आणि ३०, बारा महिन्यांच्या आत इकडचा नंबर, आणि लाइफटाइम टॅक्स इकडं नव्यानं भरायचा, तिकडचा उरलेला परत मागायचा असेल तर तिकडं जाऊन मागायचा. गाडीच्या वयाप्रमाणं टॅक्सात सूट मिळते म्हणतात, माझ्या वयाप्रमाणं पण द्यायला पाहिजे होती, कारण त्या फेऱ्यांत मी बराच म्हातारा झालो. एका खिडकीतल्या माणसानं गाडीचा फोटो डोळ्याजवळ नेऊन बघितला आणि विचारलं, टप एल्ली, म्हणजे टप कुठाय? म्हटलं आहे री, मागं घडी करून ठेवलंय. नाळे बर्री, म्हणाला. म्हणजे उद्या या. मला मात्र उद्या टप घेऊन या असंच ऐकू आलं.

पहिल्या रविवारी टिळकवाडीतलं रेल्वेचं दुसरं गेट पडलेलं होतं. नेहमीच्या गाडीत काच वर केली की माणूस एकटा असतो, इथं मी रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकून बसल्यासारखा. डाव्या बाजूला कडब्याचा टेम्पो, त्यातनं काड्या, पाचोळा, काय काय भुरूभुरू मागच्या सीटवर पडालंय. बाईकवरचं एक पोरगं म्हणालं, अण्णा, टप विकला काय? एक आजोबा वाकून थेट आत डोकं घालून, किती देतीय? ॲव्हरेज सांगितलं तर असं तोंड केलं जणू मीच पेट्रोल पितोय. मग त्यांनी हातातली भाजीची पिशवी उचलून माझ्या मागच्या सीटवर ठेवली. हात दुखालाय ओ, गेट उघडेपर्यंत असूदे. मालगाडी डबे मोजून संपेना. गेट उघडलं, मागनं हॉर्नचा धुरळा, मी निघालो, आणि घरी पोचल्यावर बघतोय तर सीटवर मेथीच्या दोन पेंड्या आणि एक नारळ. परत गेलो तर आजोबा नाहीत. दोन दिवसांनी तेच घरी आले. पत्ता कसा मिळाला विचारलं तर म्हणाले, बिनटपाची गाडी कुठली म्हटलं की शहापुरात कोण पण बोट दाखवतंय. मेथी आईनं कधीच निवडून टाकलेली. नारळ दिला, चहा दिला, आणि जाताना त्यांना घरापर्यंत सोडून यावं लागलं, टप उघडून.

मे महिन्यात बायको आणि मुलीला घेऊन जांबोटीकडं गेलो. जाताना मजा, खोटं कशाला बोलू, झाडांचा वास, डोक्यावर फांद्या. परत फिरलो आणि वळीव. बटण दाबलं तर डिकीतनं घूंऽ आवाज येतोय आणि टप जागचं हलत नाही. आता ह्या गाड्यांचं एक शास्त्र आहे, ताशी ७०-८० नं पळवली की काचेवरनं येणारी हवा पाऊस डोक्यावरनं मागं नेते आणि आतली माणसं बऱ्यापैकी कोरडी राहतात, थांबलं की भिजलं. म्हणजे पळत राहायचं. हे शास्त्र कुणीतरी किणयेच्या म्हशींना सांगायला पाहिजे होतं. त्या रस्त्याच्या मधोमध निवांत, पाऊस अंगावर घेत, आमच्याकडं सहानुभूतीनं बघत उभ्या. त्यानंतर स्पीडब्रेकर, मग खड्डा, मग परत स्पीडब्रेकर. बायकोनं पायाखालचं रबरी मॅट काढून डोक्यावर धरलं आणि पिरनवाडी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मुलगी मात्र बोलली. पप्पा, आपण गरीब झालो काय?

आठवड्यानं उद्यमबाग. मामा मूळचे ट्रॉल्यांचे हायड्रॉलिक जॅक करणारे, चार टन ऊस उचलतंय तिथं हे कापड काय, म्हणाले आणि डिकीतला पंप उघडला. तेल तळाला, सील वाळून चिरलेलं. ते दीड तासात झालं. मग म्हणाले, आत वास कशाचा येतोय? टपाच्या कडेनं पन्हाळी असते, पाणी तिच्यातनं दोन बाजूंच्या बारीक नळ्यांनी खाली जातंय, त्या नळ्या पानांनी तुंबलेल्या. मामांनी सायकलच्या ब्रेकची वायर घालून त्या मोकळ्या केल्या आणि मागच्या सीटखालचं कार्पेट उचललं. खाली चिखल. आणि चिखलात दोन बोटं उंचीचे पिवळट कोंब, एका ओळीत, शिस्तीत. मामांनी एक उपटून बघितला, हातावर घेतला, दाण्याचं टरफल अजून चिकटलेलं. जोंधळा की हो सावकार! कडब्याच्या टेम्पोची आठवण तेव्हा झाली. पेरणीआधीच उगवलंय बघा, म्हणाले, आणि शेजारच्या शेडमधल्या माणसांना बोलावून दाखवलं. चहा माझ्या पैशानं झाला.

मग पुढच्या रविवारी कडक ऊन पडलं. आभाळात ढगाचं नाव नाही. टप झकास चालू झालेलं, गाडी पुसून ठेवलेली. आणि सकाळी आईच दारात येऊन म्हणाली, अरे, ते टप उघड की, ऊन चांगलं पडलंय. ज्या माऊलीनं तीन महिने त्या गाडीकडं सरळ बघितलं नव्हतं ती म्हणतेय. मला भरूनच आलं. बटण दाबलं, टप दिमाखात घडी होऊन मागं बसलं, आत जाऊन बूट घातले, गॉगल शोधला, बायकोला पण चल म्हटलं, ती पण कशी काय की तयार झाली.

बाहेर आलो तर मागच्या सीटवर पांढरं धोतर अंथरलेलं, त्यावर सांडगी मिरच्या, पुढच्या सीटवर ताटात कुरडया. डॅशबोर्डवर आणखी एक ताट. गच्चीवर माकडं येतात, इथं बरं पडतंय, तुझं लक्ष असतंय, आई म्हणाली.

आणि म्हणाली, चार वाजेपर्यंत हलवू नको.