तन्मण्यातले मोती खरे आहेत

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला आणि मनाला लागला. फोनवर बोलून विषय मिटवता आला असता, पण तुम्ही जाहीर लिहिलं आहे आणि उद्या मुलीच्या लग्नासाठी मोती शोधणारी एखादी आई ते वाचणार आहे. म्हणून उत्तरही इथेच देते. तुमचं म्हणणं असं: आमच्या दुकानातून घेतलेल्या दुपदरी तन्मण्यातले मोती एकसारखे नाहीत. दातावर घासले तर खरखरीत लागतात, म्हणजे ते नकली आहेत. पुतणीच्या लग्नात घातला तर मागचं रेशीम पिवळं पडलं आणि मोत्यांचं पाणी गेलं. आणि शेवटी, 'नुसते मणी ओवायचे एवढे पैसे? तुळशीबागेत हाच तन्मणी पाव किमतीत मिळतो.'

आधी 'नकली' या शब्दाबद्दल. ताई, तुम्ही दातावर घासून पाहिलंत ते बरोबरच केलंत, फक्त निष्कर्ष उलटा काढलात. खरखर लागते ती खऱ्या मोत्याची. शिंपला एकावर एक अतिशय पातळ थर चढवत मोती घडवतो आणि त्या थरांच्या कडा दाताला जाणवतात. काचेचा किंवा प्लास्टिकचा मोती दातावरून गुळगुळीत सरकतो. ही परीक्षा सारखी मात्र करू नका, मोती मऊ असतो, चरे पडतात. त्यापेक्षा भिंग घेऊन भोकाच्या कडेशी बघा. नकली मोत्याचा मुलामा तिथे सोललेला दिसतो आणि आतली काच किंवा प्लास्टिक उघडं पडतं. तुमच्या मोत्यात कडेपासून आतपर्यंत एकच द्रव्य दिसेल. एवढ्यानेही समाधान झालं नाही तर मुंबईतल्या कुठल्याही रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत द्या. मोती खरे निघाले नाहीत तर तपासणीचा खर्च आणि तन्मण्याची पूर्ण किंमत मी परत करेन, हे इथे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

शंका येणं मी समजू शकते. सोन्यावर हॉलमार्कचा शिक्का असतो, मोत्यावर तसा शिक्का नसतो. म्हणून तर बिलावर आम्ही स्पष्ट लिहितो: गोड्या पाण्यातले कल्चर मोती. 'बसरा' हा शब्द आमच्या दुकानात कुणी वापरत नाही. आखाती समुद्रात पाणबुड्यांनी काढलेले ते नैसर्गिक मोती आज जुन्या घराण्यांच्या पेटीत सापडतात, आणि ते या किमतीत कुणी देऊ शकत नाही. जपानमध्ये मिकिमोतो कोकिची यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात अर्धगोल मोती वाढवून दाखवला, पुढे गोल कल्चर मोती बाजारात आले आणि आखातातला तो धंदा बसला. कल्चर मोतीही शिंपल्यातच तयार होतो. माणूस फक्त सुरुवात करून देतो.

एकसारखेपणाचं उत्तरही इथेच आहे. समुद्रातल्या कल्चर मोत्यात बहुधा आधी एक गोल मणी ठेवतात, त्यामुळे मोती गोल येतो. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यात सहसा मणी न ठेवता दुसऱ्या शिंपल्याच्या आवरणाचा बारीक तुकडा बसवतात. आत साचा नसल्यामुळे कुठला मोती जरा लांबट होतो, कुठल्याच्या अंगावर बारीक वळं उमटतं. हैदराबादहून आमच्याकडे मोत्यांच्या लडी येतात, त्या आम्ही सोडतो, पांढऱ्या कापडावर पसरतो आणि दिवसाच्या उजेडात जुळवणी करतो. आकार चाळणीने जुळतो, झाक मात्र डोळ्यांनीच जुळवावी लागते: गुलाबीकडे झुकणारा मोती पिवळसर झाकेच्या शेजारी बसला की दोन्ही मळकट दिसतात. तुमच्या तन्मण्यात खोडाच्या, म्हणजे मधल्या पदकाच्या, दोन्ही बाजूंचे मोती जोडीने निवडले आहेत. आरशात बघाल तर डावी-उजवी बाजू जुळलेली दिसेल. सगळे मोती साच्यातून काढल्यासारखे हवे असतील तर एक तर फार महाग घ्यावे लागतात, नाही तर काचेचे.

आता रेशीम. तुमचा फोटो मी मोठा करून पाहिला. पिवळेपणा फक्त मानेमागे, गोंड्याजवळ आहे. पुढे खोडाशी तोच दोरा पांढराशुभ्र आहे. दोरा वाईट असता तर सगळीकडे सारखा पिवळा झाला असता. मानेमागे घाम येतो, केसांचं तेल उतरतं, अत्तर आणि हेअरस्प्रेही तिथेच बसतो. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्लाने तो झिजतो आणि अशा फवाऱ्यांनी निस्तेज होतो. म्हणून डबीतल्या चिठ्ठीवर लिहिलं आहे की सगळा साजशृंगार झाल्यावरच मोती घालावेत, आणि काढल्यावर ओलसर मऊ कापडाने पुसून, वाळवून मलमलीत ठेवावेत, प्लास्टिकच्या बंद पिशवीत नको. खूप जणी ही चिठ्ठी वाचत नाहीत. म्हणून हल्ली मी दागिना हातात देताना तोंडीही सांगते.

राहिलं 'नुसते मणी ओवणं'. हे वाक्य आमच्याकडे गाठवणाऱ्या बायकांनी वाचलं, आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. आम्ही प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारतो. ती सुईच्या टोकाने सरकवत मोत्याच्या अगदी अंगाशी न्यावी लागते. जरा अलीकडे बसली तर मोती हलतो आणि दोरा कापतो, जास्त आवळली तर पदर ताठ होतो आणि गळ्यावर वळत नाही. दोन्ही पदर खोडाशी येताना लांबीत जरासुद्धा फरक पडला की खोड वाकडं बसतं, मग पूर्ण पदर उकलून पुन्हा सुरुवात. गाठींमुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत, आणि ऐन मांडवात दोरा तुटलाच तर फार तर एक मोती घरंगळतो, बाकीचे जागच्या जागी राहतात. तुळशीबागेतला तन्मणीही छान दिसतो, मीही तिथून घेतले आहेत, आणि हौसेसाठी जरूर घ्यावा. तिथल्या कमी किमतीच्या तन्मण्यात मोती बहुतेक काचेचे किंवा प्लास्टिकचे असतात आणि ते सलग ओवलेले असतात. दोघांची किंमत एक कशी असेल?

वापरलेला तन्मणी आम्ही परत घेत नाही, कारण अत्तर लागलेले मोती मी दुसऱ्या कुणाला नवे म्हणून विकणार नाही. पण पहिल्या वर्षातली गाठवणी फुकट आहे, बिलामागे तसं छापलं आहे. तन्मणी पाठवा किंवा घेऊन या. मोती पुसून नव्या रेशमात गाठवून देऊ. घामा-तेलाचा वरवरचा थर निघाला तर झळाळी बरीच परत येते. जे मोती खरोखर झिजले असतील ते वेगळे काढून तुम्हाला दाखवू, बदलायचे की नाही ते तुम्ही ठरवा.

महाग वाटला, आवडला नाही, हे तुमचं मत आहे, आणि अभिप्रायात तारा एकच राहिला तरी माझी तक्रार नाही. मोती तपासून घेतल्यावर 'नकली' हा शब्द तेवढा काढावा, एवढीच विनंती. आणि येण्याआधी गोंडा पांढऱ्या रेशमाचा हवा की जरीचा ते कळवा. जरीचा हवा असेल तर मानेला टोचू नये म्हणून आतून मऊ दोरा गुंडाळावा लागतो, त्याची तयारी आधी करून ठेवते.