खुलासा: तो फोटो जेने-जेनोचा नाही

मातीच्या भव्य मशिदीचा फोटो आणि ‘मालीतलं २००० वर्षांपूर्वीचं जेने-जेनो, अरब व्यापाऱ्यांनी वसवलेलं’ असा मेसेज फिरतोय. फोटोतली मशीद पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या आजच्या जेने शहरातली, १९०७ मध्ये पुन्हा बांधलेली. जेने-जेनो तिथून साधारण ३ किलोमीटरवर, नायजर नदीच्या पुराने वेढलं जाणारं, प्राचीन शहराच्या अवशेषांचं टेकाड.

१९७७ पासून पुरातत्त्वज्ञ सुझन आणि रॉडरिक मॅकिंटॉश यांनी तिथे उत्खनन केलं. अगदी तळाच्या, इ.स.पू. २५० च्या सुमाराच्या वस्तीतही लोखंड गाळल्यावर उरणारी मळी सापडली. त्या गाळाच्या मैदानात लोहखनिज मिळतच नाही! म्हणजे ते बाहेरून आणलं जायचं; व्यापार तेव्हाही होता, इस्लामच्या उदयाच्या कित्येक शतकं आधी. शहर उभारलं ते तिथल्याच आफ्रिकी लोकांनी. हे श्रेय त्यांचंच आहे. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. आला, तर तिथे हा खुलासा टाका.