पंगत आधी की राजा आधी?

रविवारी सकाळी कल्याणच्या काळ्या तलावाच्या कट्ट्यावर वाद पेटला तो वकिलामुळे. "रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन नसता तर ख्रिस्ती धर्म केव्हाच विरून गेला असता. राजा त्या धर्मात गेला, मागून प्रजा गेली. संपलं," असं म्हणून त्याने चहाचा ग्लास असा काही आपटला, जणू निकालपत्र वाचून झालं.

मास्तरांनी विचारलं, "राजाचं साल सांग."

"३१३. मिलानचा करार, ख्रिस्ती धर्माला मोकळीक."

"आणि रोमन सुभेदार पिलाताने येशूला क्रुसावर चढवलं ते साधारण ३० साली. मधली दोनशे ऐंशी वर्षं कोणाच्या जिवावर निघाली?"

अण्णा बँकेतून निवृत्त झालेत, आकडा दिसला की त्यांचा हात मोबाइलकडे जातो. "सन ४० मध्ये एक हजार माणसं धर. दर दहा वर्षांनी चाळीस टक्के वाढ. ३०० सालापर्यंत किती?" उत्तर त्यांनीच दिलं, "त्रेसष्ट लाख! साम्राज्याची लोकसंख्या सहा कोटी धरली तर दहातला एक. आणि वर्षाचा दर साडेतीन टक्केसुद्धा नाही रे. बचत खात्याचं व्याज!" हा हिशेब एका अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा आहे, हे मात्र त्यांनी नंतर, हळूच सांगितलं.

"अण्णा, हजारही तुमचे आणि चाळीस टक्केही तुमचे," वकील म्हणाला. "शेवटचा आकडा आधी धरायचा आणि मग व्याजदर बसवायचा, असं कर्ज मंजूर केलंत का कधी?" अण्णा हसले. हसले म्हणजे मुद्दा मान्य, हे आम्हाला ठाऊक आहे.

मग मास्तरांनी प्लिनीचं पत्र काढलं. हा बिथिनिया-पोंतसचा, म्हणजे आजच्या उत्तर तुर्कस्तानातला, रोमन सुभेदार. ११२ च्या सुमारास सम्राट त्राजानला त्याने लिहिलं, की या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय? शहरांतच नाही, खेडोपाडीही ते पसरलेत. देवळं ओस पडत चालली होती, बळीच्या मांसाला गिऱ्हाईक मिळत नव्हतं. आता मी चौकशी लावल्यापासून जरा सुधारतंय. वकिलाने बोट नेमकं तिथंच ठेवलं, "आधी आजार मोठा दाखवायचा, मग आपलं औषध लागू पडलं म्हणायचं. हा अहवाल सरकारी आहे, मास्तर." खरं आहे. पण याच सुभेदाराने दोन दासींचा छळ करून माहिती काढली आणि त्या मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या धर्मसमूहात, सेविका म्हणवल्या जात होत्या, हेही त्यानेच लिहून ठेवलंय. मंडळीत दासीला पद होतं. हे फुगवून सांगण्यात सुभेदाराचा फायदा काय, ते वकिलाला सांगता आलं नाही.

इतका वेळ वसईकर गप्प होता. कट्ट्यावर तो जन्माने ख्रिस्ती असलेला एकटाच, म्हणून बहुधा या विषयावर तोंड उघडत नाही. तो म्हणाला, "तुम्ही सगळे राजा आणि आकडे घेऊन बसलात. खरं भांडण पंगतीचं होतं."

अंत्युखिया या सीरियातल्या शहरात यहुदी आणि यहुदी नसलेले शिष्य एकत्र जेवत असत. पेत्रही जेवायचा. पण यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडची माणसं आली आणि पेत्र हळूच पानावरून उठला. पौलाचा साथीदार बर्णबाही त्याच्या मागोमाग. तेव्हा यहुदी नसलेल्यांत प्रचार करणाऱ्या पौलाने पेत्राला सर्वांदेखत सुनावलं, आणि पुढे गलतीकरांना पाठवलेल्या पत्रात ते लिहूनही ठेवलं. "पेत्र म्हणजे येशूच्या खुद्द बारा शिष्यांतला. पौलाने तर येशू हयात असताना त्याला पाहिल्याचं कुठे म्हटलेलं नाही. तरी सुनावलं," वसईकर म्हणाला. यहुद्यांसारखी सुंता न करता कोणालाही आत येता येईल का, हा प्रश्न परिषदांमध्ये नुसता तात्त्विक वाटतो. ताट कोणाच्या शेजारी मांडायचं इथवर आला की कळतो. आम्ही सगळे क्षणभर गप्प झालो. पंक्तिभेद म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मला विचाराल तर इथे वकील हरला होता. पण कायद्याचा विषय निघाला आणि त्याला पुन्हा जोर आला. २५० साली सम्राट देकियसने हुकूम काढला, की प्रत्येकाने देवांना बळी द्यायचा, प्रसादाचं मांस चाखायचं आणि तसा दाखला घ्यायचा. इजिप्तच्या वाळूत असे दाखले पपायरसवर सापडलेत. कितीतरी ख्रिस्ती लोकांनी निमूट बळी दिला, काहींनी पैसे चारून दाखला मिळवला. "म्हणजे राजाने डोळे वटारले की निष्ठा पातळ," वकील म्हणाला. मास्तरांनी लगेच पुढचं साल काढलं. २५१ मध्ये रोमचा बिशप कर्नेलियस लिहितो, की आमची मंडळी दीड हजाराहून जास्त विधवा आणि गरजूंना पोसते. हुकमाच्या पुढच्याच वर्षी!

"बरं, दहातला एक तुमचा," वकील म्हणाला. "उरलेले नऊ कोणी आणले? ३८० मध्ये थिओदोसियसने फर्मान काढून हाच राजधर्म केला, त्यानेच ना?" यावर कोणाकडेच धड उत्तर नव्हतं.

वसईकराने शेवटी कल्याणच काढलं. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा व्यापारी कल्लियाना या गावाचं नाव घेतो, तिथे इराणहून नेमलेला बिशप आहे म्हणतो. बरेच अभ्यासक हे आपलंच कल्याण मानतात. "इराणचे राजे जरथुष्ट्री. दुसऱ्या शापूरने तर ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला होता. तरी बिशप या खाडीपर्यंत आला. तेव्हा कुठला कॉन्स्टंटाइन होता इथे?"

"आणि आज त्या बिशपचं कल्याणात काय उरलंय?" वकील म्हणाला. "तुमच्या वसईत टिकलं, कारण मागे पोर्तुगीज फौज होती."

"ते मी कुठे नाकारतोय? पण १३२१ साली युरोपातल्या पोपच्या चर्चचे फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात उतरले ते एका नेस्टोरियन, म्हणजे त्याच इराणी परंपरेतल्या, ख्रिस्ती घरात. बिशपनंतर साडेसातशे वर्षांनी, राजाशिवाय."

"आणि त्या साधूंचं काय झालं?"

"मारले गेले. ठाण्यातच."

"मग? राजा लागतो की नाही?" वकिलाने रिकामा ग्लास उलटा करून ठेवला. वसईकराने तो पुन्हा सुलटा केला आणि पोऱ्याला आणखी पाच कटिंग सांगितले.