लॉजवाल्याला 'माहीत' कधी झालं?

दादा, लोकांनी चढवलेल्या फाइलींच्या जबाबदारीतून साइटला वाचवणाऱ्या कलम ७९ वर मी लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'फाइली ठेवून घेणाऱ्या साइट म्हणजे स्टँडजवळचे लॉज. आत काय चालतं ते मालकाला पक्कं ठाऊक असतं आणि तुम्ही त्यालाच साधुसंत ठरवलंत. मंगळवार पेठेत बसून मी छापलेल्या पुस्तकाची पीडीएफ आठव्या दिवशी फुकट फिरते. तुमचं कलम ७९ घेऊन मी काय चाटू?'

आधी माझी चूक. कोर्टाचा आदेश येईपर्यंत साइटला काही करावं लागत नाही, असं मी सरसकट लिहिलं होतं. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चा तसा अर्थ लावला खरा, पण तो मामला भाषणस्वातंत्र्याचा होता. डिसेंबर २०१६ मध्ये मायस्पेस (लोक गाणी-व्हिडिओ चढवायचे ती साइट) विरुद्ध सुपर कॅसेट्स (गाण्यांची कंपनी) प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने कॉपीराइटची वाट वेगळी काढली. कॉपीराइटच्या मालकाने आपली कुठली कलाकृती नेमकी कुठे आहे हे कळवलं की साइटला माहिती झाली, आणि मग ३६ तासांत ती काढायची. त्यासाठी आदेश लागत नाही. लेखातलं ते वाक्य बदललंय.

आता लॉज. दाखला झकास आहे, कारण कॉपीराइट कायद्याचं कलम ५१ जवळपास तेच बोलतं. नफ्यासाठी 'जागा' वापरू दिली तर देणाराही अडकतो. त्याला माहीत नसेल आणि शंका यायला वाजवी कारणही नसेल, तरच सुटतो. सगळं भांडण त्या 'माहीत'वर आहे. २०११ मध्ये याच खटल्यात एकल न्यायाधीशांचा कौल मायस्पेसच्या विरोधात, म्हणजे तुमच्या बाजूने गेला होता. खंडपीठाने तो फिरवला: मोघम अंदाज पुरत नाही, कुठल्या खोलीत कुठला माल ते कळलं पाहिजे. मला हे पटतं. नाहीतर लॉजवाला प्रत्येक गिऱ्हाइकाची पिशवी उचकत बसेल. प्रेसला मजकूर पाठवायला तुम्हीही असलीच साइट वापरत असाल की!

पण सगळे लॉज एका माळेचे मणी नव्हेत. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेने मेगाअपलोड ही फाइली ठेवून घेणारी साइट बंद पाडली. आरोप असा, की ज्यांच्या फाइली जास्त उतरवल्या जात त्यांना कंपनी पैसे द्यायची. आणि तक्रार आली की तेवढी लिंक तोडायची, फाइल जागेवरच, बाकीच्या लिंका चालू. म्हणजे पोलीस आले की खोलीचं एक दार लावायचं, मागची उघडी ठेवायची, वर गिऱ्हाईक आणणाऱ्या रिक्षावाल्याला कमिशन. असल्याला कसलं संरक्षण? इथे मी तुमच्याच बाजूला. मात्र त्या कारवाईत ओहायोतल्या एका माणसाचे शाळांच्या सामन्यांचे व्हिडिओही अडकले, आणि स्वतःच्याच फाइलींसाठी त्याला कोर्टाची पायरी चढावी लागली. बंद करा म्हणताना तोही डोळ्यांपुढे येतो.

माझा खरा राग वेगळ्या ठिकाणी आहे. कॉपीराइट नियम २०१३ मधल्या नियम ७५ प्रमाणे तक्रार केली तर हमी द्यावी लागते, की फाइल चढवणाऱ्यावर दावा लावीन आणि २१ दिवसांत आदेश आणीन. आदेश नाही आला तर साइट फाइल पुन्हा खुली करू शकते. दीडशे रुपयांच्या पुस्तकासाठी २१ दिवसांत आदेश! (आणि ही तरतूद 'क्षणिक वा आनुषंगिक' साठवणुकीची. वर्षानुवर्षं पडून राहिलेली पीडीएफ क्षणिक कशी, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.) कलम ६२ मुळे दावा तुम्हाला आपल्या कोल्हापुरातच, कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात लावता येतो, दिल्ली गाठायला नको, एवढी सोय आहे. पण लावायचा कुणावर? चढवणाऱ्याचं नाव म्हणजे इंग्रजी चार अक्षरं आणि पुढे आकडे. तिथे २०२२ चा टेलिग्रामचा आदेश कामाला येईल. शिकवणीची व्याख्यानं चोरून वाटणाऱ्या चॅनेलमागची माणसं कोण, त्यांचे फोन नंबर काय, हे उघड करायला दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला सांगितलं होतं. सर्व्हर सिंगापूरला आहे, ही सबब चालली नाही.

रविवारी दुकान उघडं असेल तर येतो. तोवर एकेका फाइलची पूर्ण लिंक लिहून ठेवा, 'अमुक साइटवर आहे' एवढ्याने भागणार नाही. स्क्रीनशॉटवर तारीख दिसू दे, आणि लेखकाबरोबरचा करारनामा शोधून ठेवा. तो नसेल तर आधी तेच बघावं लागेल.