आमची टाकी कधी भरतच नाही

आज दुपारी शेजारी नव्या घराचं काम बघायला गेलो होतो. सेप्टिक टँकचा खड्डा खणून झालाय. गवंडी मालकाला समजावत होता, "तळाला काँक्रीट कशाला? उघडा सोडा. पाणी मुरत राहील, आयुष्यात उपसावी लागणार नाही." आणि मालक खूश! मी तिथंच बोललो, आवाज चढला. घरी आलो तरी डोकं शांत होईना, म्हणून लिहितोय.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. आमचे अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगायचे, "आमची टाकी कधी भरतच नाही." 22 वर्षं सांगितलं. मग भावाला मुलगी झाली आणि विहिरीचं पाणी तपासायला दिलं. काचेसारखं नितळ पाणी. अहवालात मैल्यातले जिवाणू, आणि नायट्रेट, म्हणजे मैल्यातूनही पाण्यात उतरणारा क्षार, मर्यादेच्या वर. टाकी उघडली तर तिला तळच नव्हता. विहीर तिथून 25 फुटांवर.

टाकी भरत नव्हती, कारण ती विहिरीत रिकामी होत होती.

अरे, टाकीचं कामच भरणं आहे! सांडपाणी आत निदान दिवसभर थांबलं पाहिजे. जड गाळ खाली बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधलं पाणी तेवढं पुढे जातं. म्हणून आत आडवी भिंत घालून दोन कप्पे करायचे, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी गाळ काढायचा. बाहेर पडणाऱ्या पाण्यातही जंतू असतातच. त्यांचा बंदोबस्त माती करते, पण मातीला तेवढं अंतर द्याल की नाही? टाकीतून बाहेर पडणारं पाणी जिथं मुरतं तो शोषखड्डा विहिरीपासून निदान 15 मीटर लांब हवा, 30 मिळाले तर उत्तम.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही. उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला 50 मिलिग्रॅमची मर्यादा घातली ती तान्ह्या बाळांसाठी. विहिरीच्या अशा पाण्याने बाळं निळी पडतात हे अमेरिकेतल्या आयोवामध्ये हंटर कॉमली या डॉक्टरांनी 1945 साली लिहून ठेवलंय. 1945! आणि आमच्या घरात तान्हं बाळ होतं.

खडकाळ जमिनीत शोषखड्डा चालत नाही, मान्य. मग टाकीतून येणाऱ्या पाण्यासाठी खडीचा वाफा करा. दोन फूट खोल, तळ पक्का, वर बोरू किंवा कर्दळ. पाणी खडीच्या आतून जातं, उघड्यावर साचत नाही, त्यामुळे डासही नाहीत. खडीवर आणि मुळांवर वाढणारे जिवाणू घाण खातात. जर्मनीत केटे झायडेल बाईंनी 1950 च्या दशकात पाणवनस्पतींवर असे प्रयोग सुरू केले. जमिनीला उतार असेल तर वीजही लागत नाही. जागा लागते, तेही खरं. पण गावाच्या गटाराच्या शेवटी जिथं आज नुसतं डबकं आहे, तिथं जागा नाही असं कुणी म्हणू नका.

आता कुणीतरी लिहीलच की उपसलेला गाळ टँकरवाला ओढ्यात ओततो. ओततो. मग गाळ वाळवायला गावाने मिळून जागा ठरवा, त्यासाठी भांडा, मी येतो तुमच्याबरोबर. तळ उघडा ठेवणं हे त्यावरचं उत्तर नाही. आणि गाळ काढायला टाकीत माणूस उतरवू नका. कधीच नाही. आतला वायू ओरडायलाही वेळ देत नाही.

अहवाल आला त्या दिवशी मी अण्णांना नको तेवढं बोललो होतो. ते ऐकून घेत बसले होते, विहिरीकडे बघत. त्यांना तरी कुणी सांगितलं होतं? त्या वेळच्या गवंड्याला जे माहीत होतं ते त्याने केलं. आजच्या गवंड्यावर मी ओरडायला नको होतं, हे आता लिहिताना कळतंय.

आमच्या नव्या टाकीच्या झाकणावर उपशाची तारीख अण्णा स्वतः रंगाने लिहितात. मघाशी त्यांना दुपारचं सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होते.

"टाकीचं बांधकाम कधी सुरू करणार?"

"उद्या सकाळी आठला."

"मला उठव. मी बोलतो त्याच्याशी."